मर्क्युरी लॅम्पची बाहेरची काच आतल्या नळीला जोडतात कशी? फुटली तर परत बसवता येते का?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. देवळासमोर खांबावर २५० वॅटचा जुना मर्क्युरी लॅम्प हाय, मोठ्या आट्यांच्या टोपीचा. पारायणासाठी म्हणून आमच्या वडिलांनीच बसवलेला, वडील आता नाहीत त्यामुळं त्या दिव्यावर जीव हाय असं समजा. गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा लॅम्प चालू होता, वरचं पत्र्याचं छत्र गंजून भोक पडलेलं, त्यातून पाणी थेट तापल्या काचेवर आलं आणि ताडकन आवाज झाला, गळ्याजवळ गोल चीर गेली. दुसऱ्या दिवशी शिडी लावून हात लावला तर बाहेरचा अख्खा फुगा हातात आला.

आता गंमत बघा, आतली बोटाएवढी नळी तारांच्या सांगाड्यावर तशीच उभी, तिला काही झालेलं नाही. बटण दाबून बघितलं तर पाच मिनिटांत पूर्ण पेटला. उजेड आधीपेक्षा जरा निळसर वाटतो पण पेटतो. म्हणून चार दिवस तसाच वापरालोय, पोरं संध्याकाळी त्याखाली व्हॉलीबॉल खेळतात.

माझा प्रश्न असा की ही बाहेरची काच आतल्या नळीला नेमकी कुठं आणि कशी जोडलेली असते? मी बारकाईनं बघितलं, तारांचा सांगाडा खाली एका काचेच्या दट्ट्यातून वर आलाय आणि फुटलेल्या फुग्याच्या गळ्याचा तुकडा त्या दट्ट्यालाच चिकटलाय, पण जोड म्हणून कुठं रेघ दिसत नाही, एकच काच असल्यागत दिसतंय. माझ्याकडं दुसरा एक गेलेला लॅम्प हाय, त्याचा फुगा चांगला हाय, तो गळ्यापाशी कापून अरल्डाइट नाहीतर एम-सीलनं ह्याच्यावर बसवला तर चालेल काय? खांबावरच्या उष्णतेला टिकंल का? कुणी केलं असेल तर सांगा.

आणि एक, हे कदाचित वेगळं असेल, परवा रात्री दोन पोरं अडीच-तीनला उठून रडायला लागली, डोळ्यांत वाळू गेल्यागत होतंय म्हणत होती, डोळे लालभडक. साथ आलीय काय कळेना.

उद्यमबाग फिटर

दादा, पुढचं वाचायच्या आधी तो लॅम्प बंद कर. आत्ता. मेन स्विचच काढून ठेव म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही.

पोरांना साथ नाही आलेली, त्यांना आर्क लागलाय. वेल्डिंग बघितल्यावर रात्री डोळे जळतात ना, तेच हे. मी सांगतो कसं माहीत मला. आम्ही एका शेडमध्ये काम करत होतो, वरचा ४०० वॅटचा मर्क्युरी क्रेनच्या साखळीनं फुटला, आतली नळी चालूच राहिली, आम्ही म्हटलं पेटतोय तर राहू दे, सेकंड शिफ्ट पूर्ण केली. रात्री घरी जाऊन जेवलो, झोपलो, आणि एकदम मध्यरात्री डोळे उघडंनात, मान आणि हात लाल झालेले उन्हात भाजल्यागत. चार जण एकाच वेळी दवाखान्यात. लगेच कळत नाही हेच वाईट, सहा ते बारा तासांनी कळतं, तोपर्यंत माणूस लॅम्पला विसरलेला असतो.

कारण असं की आतली नळी क्वार्ट्झ नावाच्या काचेची असते, क्वार्ट्झमधून अतिनील किरण सरळ बाहेर येतात. पाऱ्याच्या वाफेतून २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात, जंतू मारायच्या ट्यूबमध्ये वापरतात ना तेच. ते अडवायचं काम बाहेरची काच करते. आणि तुझ्या फुग्याला आतून पांढरी पावडर होती ना? ती पावडर त्यातल्या काही अतिनील किरणांचा लालसर उजेड करते, म्हणून पहिला उजेड जरा गुलाबी-पांढरा होता आणि आता निळसर दिसतोय. निळा दिसला तेव्हाच कळायला पाहिजे होतं पण कुणी सांगितलेलं असतं कुठं आपल्याला.

अमेरिकेत तर कायदाच हाय ह्याच्यावर. तिथं एका जातीचा लॅम्प असा बनवतात की बाहेरची काच पूर्ण फुटली तर पंधरा मिनिटांच्या आत आपोआप बंद पडला पाहिजे, आणि जो बंद पडत नाही त्याच्यावर धोक्याची सूचना छापायलाच लागते. तुझा बंद पडला नाही म्हणजे साधा हाय.

पोरांना डोळे चोळू देऊ नको, अंधारात ठेव, आणि डॉक्टरला दाखवून ‘मर्क्युरी लॅम्पखाली होते’ असं स्पष्ट सांग, नाहीतर साथीचे ड्रॉप देऊन पाठवतील. बहुतेक एक-दोन दिवसांत बरं होतं, पण दाखव नक्की.

जांबोटीकर

लॅम्प बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवलाय. हात थरथरालेत लिहिताना. चार दिवस पोरं त्याखाली होती. उद्या सकाळीच दोघांना खानापूरला नेतो. बाकीच्यांच्या घरी पण जाऊन विचारून आलो, अजून एकाची मान लाल हाय.

तरी पण मला कळायला पाहिजे, जर बाहेरची काच एवढी महत्त्वाची, तर ती बसवतात कशी आणि मला का बसवता येणार नाही.

काचकाम मामा

जांबोटीकर, बंद केलंत ते फार बरं केलंत. आता जोडाचं मी सांगतो, कारण आयुष्यभर हेच केलंय, प्रयोगशाळेची काच फुंकायची, कंडेन्सर, फ्लास्क, काय वाटेल ते, आणि त्याआधी दोन वर्षं बल्बच्या कारखान्यात सीलिंगच्या मशीनवर होतो.

पहिली गोष्ट, बाहेरची काच आतल्या नळीला जोडलेलीच नसते. तुम्हाला जोड सापडला नाही ह्याचं अर्धं कारण ते आहे. दोन्ही काचा एकमेकांना कुठंही शिवत नाहीत, मध्ये फक्त तार असते. आतली नळी क्वार्ट्झ, बाहेरचा फुगा बोरोसिलिकेट, म्हणजे चहाच्या काचेच्या किटलीची ती कठीण काच, आणि ह्या दोघांचं लग्न लागत नाही.

का लागत नाही ते मी हातानं बघितलंय. कंडेन्सर पाहिला असेल शाळेत, आत एक नळी, बाहेर पाण्याचं जॅकेट, दोन्ही टोकांना आतली आणि बाहेरची काच गोल कडीनं एकजीव केलेली. त्याला आम्ही रिंग सील म्हणतो. ती मी डोळे झाकून करायचो कारण दोन्हीकडं एकच काच. एकदा एका गिऱ्हाइकानं आतली नळी क्वार्ट्झची मागितली, मी तरुण होतो, म्हटलं करून बघू. ज्योतीत असताना दिसायला सुंदर, मधासारखी वितळून बसली. निवायला ठेवली आणि बारीक टिक टिक आवाज सुरू झाला. सकाळी येऊन बघतो तर कडी अख्खी निखळून टेबलावर, आतली नळी मोकळी. क्वार्ट्झ तापला तरी जवळजवळ वाढत नाही आणि निवला तरी आक्रसत नाही, दुसरी काच मात्र आक्रसते, मग ओढाताणीत कमजोर असेल ते तुटतं.

मग कारखान्यात काय करतात, तर काम दोन ठिकाणी वाटून घेतात.

आतल्या क्वार्ट्झच्या नळीला दोन्ही टोकांना चपटं केलेलं दिसेल, चिमट्यात दाबल्यासारखं. त्या चपट्या भागात उजेडाकडं धरून बघा, एक चकचकीत पट्टी दिसेल. तो मॉलिब्डेनम धातूचा वर्ख आहे, वीसपंचवीस मायक्रॉन जाडीचा, कडा तर त्याहून पातळ, पात्यासारख्या. मॉलिब्डेनम क्वार्ट्झच्या जवळपास दहापट प्रसरण पावतो, म्हणजे जाड तार घातली असती तर नळी फुटलीच असती, पण वर्ख एवढा पातळ की तो स्वतःच ताणला जातो आणि काचेला त्रास देत नाही. वीज ह्या वर्खातून आत जाते. मला विचाराल तर अख्ख्या लॅम्पमधली सगळ्यात हुशारीची जागा ती पट्टी आहे.

दुसरा जोड तुमच्या त्या दट्ट्यात. त्याला स्टेम म्हणतात. एक काचेची नळी घेऊन तिचं एक तोंड तुतारीसारखं पसरवतात, तो फ्लेअर. दुसऱ्या तोंडात तारा आणि हवा काढायची बारीक नळी ठेवून ज्योतीत मऊ करून चिमटा मारतात. इथं काच कठीण जातीची, तिला टंगस्टनची तार चालते कारण दोघांचं प्रसरण जवळ जवळ सारखं. मग त्या तारांवर सांगाडा वेल्ड करायचा, सांगाड्यावर आतली नळी बसवायची. आता फुगा वरून ह्या सगळ्यावर टोपडं घातल्यासारखा घालायचा, फुग्याचा गळा आणि फ्लेअरची कड एका पातळीत आणायची आणि दोन्ही मिळून गोल गोल फिरवत चारी बाजूंनी गॅस-ऑक्सिजनच्या ज्योती. गळा मऊ होऊन फ्लेअरला चिकटतो, खालची जादा काच स्वतःच्या वजनानं लोंबून तुटून पडते. फुगा आणि फ्लेअर एकाच जातीची काच, म्हणून दोन्ही एकजीव होतात आणि तुम्हाला रेघ दिसत नाही. जोड चांगला झाला तर दिसू नयेच.

नंतर मंद ज्योतीवर हळूहळू निववायचं, ह्याला घाई चालत नाही. घाईनं निवलेली काच दिसायला ठणठणीत असते पण आत ताण धरून बसते, आणि चार महिन्यांनी कोणी हातही न लावता तडकते. पोलॅरिस्कोपमध्ये ठेवली की तो ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो, आमचा वरिष्ठ प्रत्येक पाळीत थोडे नग काढून बघायचा. मग बारीक नळीतून हवा काढून मर्क्युरीच्या फुग्यात नायट्रोजन भरतात, बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबानं, कारण तापल्यावर तो दाब वाढणार असतो. ती बारीक नळी वितळवून बंद करायची आणि शेवटी टोपी.

म्हणजे तुमचं अरल्डाइट कुठं कमी पडतं बघा. चिकटलं तरी आत हवाच राहणार. वर्खाची बाहेरची टोकं तापतात, साधारण साडेतीनशे अंशांच्या वर हवेत मॉलिब्डेनम गंजायला लागतो, गंजला की फुगतो आणि चपट्या भागाला चीर पाडतो. शिवाय गळ्यापाशी उष्णता एवढी की ते चिकट काळं पडून सुटणार, आणि फुगा देवळासमोर कोणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही. काच कापून ज्योतीवर परत जोडणं मला सुद्धा जमेल की नाही शंका, आत पोकळी, तारा, आणि नायट्रोजन भरायला मशीन पाहिजे. नका करू.

चिकोडी टीचर

मामा, तुमचं लिखाण मी मुलांना वाचून दाखवणार आहे. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, प्रसरणाच्या धड्याला इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही.

मी आकडे मांडून बघितले. समजा १० मिलिमीटर लांबीचा जोड आहे आणि तो ५०० अंशांनी निवतो. खिडकीची साधी काच साधारण ४५ मायक्रॉन आक्रसेल, लॅम्पची कठीण काच २० च्या आसपास, टंगस्टन २२-२३, आणि क्वार्ट्झ फक्त ३. म्हणजे कठीण काच आणि टंगस्टन यांच्यात फरक दोन-तीन मायक्रॉनचा, तो खपून जातो. क्वार्ट्झ आणि साधी काच यांच्यात मात्र ४० च्या वर, म्हणजे केसाच्या जाडीच्या अर्ध्याहून जास्त, आणि काच तर रबरासारखी ताणली जात नाही. लिहून काढल्यावर मलाच आश्चर्य वाटलं की इतक्या बारीक फरकावर सगळं अवलंबून आहे.

एक शंका. थर्मासमध्ये पण काचेत काच असते आणि ती तोंडापाशी जोडलेली असते, मध्ये पोकळी. ते तर उकळत्या चहाला टिकतं?

काचकाम मामा

टीचर, थर्मासात दोन्ही भिंती एकाच काचेच्या, म्हणून थेट जोडता येतात. आत चहा गरम आणि बाहेर थंड असला तरी जोड फक्त वर तोंडाशी एकाच जागी आहे, आतली बाटली खाली मोकळी लोंबते, तिला वाढायला जागा आहे. दोन्ही टोकांना बांधली असती तर टिकली नसती. लॅम्पात पण तेच बघा, नळीचा सांगाडा खाली दट्ट्याला पक्का आणि वरच्या टोकाला फुग्यात नुसता स्प्रिंगच्या पट्टीनं टेकवलेला असतो, घट्ट नसतो.

आणि क्वार्ट्झला कठीण काच जोडताच येत नाही असं नाही हां, प्रयोगशाळेत करतात. मध्ये तीन-चार वेगवेगळ्या काचांचे तुकडे लावायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा जास्त प्रसरणाचा, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. ग्रेडेड सील म्हणतात. पण एकेक जोड हातानं, अर्धा दिवस जातो, लॅम्पाला ते परवडणार नाही. तार आणि वर्ख हाच शहाणा मार्ग.

आमच्या लहानपणी कंदिलाची काच सुद्धा मोठी गोष्ट होती. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी असायचा, त्याची चिमणी पावसाच्या थेंबानं तडकली की आई दिवसभर हळहळायची. जांबोटीकरांचा लॅम्प पण पाण्यानंच गेला. बोरोसिलिकेट काच साध्या काचेपेक्षा हे पुष्कळ सोसते पण वळवाचं गार पाणी सारखं एकाच जागी पडलं तर तीही हरते, आणि गळ्याला आधीचा ताण असेल तर तिथूनच.

निपाणी इलेक्ट्रिक

मामांनी सगळं सांगितलंय, मी फक्त दुकानदार म्हणून भर घालतो कारण लोक सगळे लॅम्प एकच समजतात.

पिवळ्या उजेडाचा सोडियम लॅम्प असेल तर आतली नळी काचेची पण नसते, पांढरट दुधी दिसते ती अ‍ॅल्युमिना, सिरॅमिक. तापलेला सोडियम क्वार्ट्झला खाऊन टाकतो म्हणून. तिच्या टोकांना नायोबियम धातू, कारण नायोबियम आणि अ‍ॅल्युमिना जवळजवळ सारखे प्रसरण पावतात, परत तेच लग्नाचं गणित. पण गरम नायोबियमला हवा अजिबात चालत नाही, म्हणून बाहेरच्या फुग्यात नायट्रोजन नसतो, पूर्ण पोकळी असते. ओळखायची खूण सांगतो, टोपीजवळ काचेला आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा, उरलीसुरली हवा तो शोषून घेतो. डाग आरशासारखा हाय तोवर जोड चांगला. डाग पांढरा पडला की समजायचं कुठंतरी हवा शिरली, मग चोक बदला नाहीतर इग्नायटर बदला, लॅम्प राहणार नाही. कित्येक गिऱ्हाइकं चोक बदलून पैसे घालवून येतात, मी आधी तो डाग बघायला सांगतो.

मेटल हलाइड म्हणून आणखी एक जात हाय, त्या लॅम्पची बाहेरची काच फुटली तर मर्क्युरीसारखंच, अतिनील हाय, शिवाय आत दाब असतो, नळी फुटली तर तापलेले तुकडे उडतात.

आणि एलईडी बल्बचं वरचं पांढरं झाकण निघालं म्हणून लोक आणतात, ते प्लास्टिक असतं, सिलिकॉननं चिकटवलेलं. त्यात किरणांचा धोका नाही पण आतली प्लेट उघडी पडते आणि स्वस्त बल्बात ती थेट लाइनच्या संपर्कात असू शकते, हात लागला तर शॉक. होल्डरला असताना झाकण लावायला जाऊ नका.

जांबोटीकर, नवीन मर्क्युरी शोधत बसू नका. पाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, मिनामाता म्हणतात त्यात, हे लॅम्प बनवणं आणि आयात-निर्यात २०२० नंतर बंद करायचं ठरलेलं हाय आणि भारत त्यात हाय. २५० वॅटच्या मर्क्युरीला साधारण तेरा हजार ल्यूमेन उजेड असायचा, तेवढाच उजेड १२०-१३० वॅटच्या एलईडी फ्लडमध्ये मिळतो. खोक्यावर ल्यूमेनचा आकडा वाचून घ्या, नुसता वॅट बघून नको, आणि पावसाळी भाग तुमचा, आयपी-६५ लिहिलेला, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, असलेलाच घ्या. जुना चोक आणि कॅपॅसिटर सर्किटमधून पूर्ण काढायचा, एलईडी थेट २३० व्होल्टवर चालतो.

जांबोटीकर

सगळ्यांना सांगतो, पोरांना डॉक्टरांनी तपासलं, ड्रॉप दिलेत, दोन दिवस उन्हात जायचं नाही म्हणालेत, पण नजर चांगली हाय. मान लाल झालेल्याची कातडी सुटायलीय, तो पण बरा हाय. मी तिघांच्या घरी जाऊन काय झालं ते स्वतः सांगितलं, माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. एका आजीनं तर उलट मलाच चहा पाजून पाठवलं.

बेळगावला खडे बाजारातून १५० वॅटचा फ्लड आणला, आयपी-६५. गंजलेलं छत्र काढलं, नवीन बसवलं. पोरं परत खेळालीत.

वडिलांचा लॅम्प खाली उतरवला तेव्हा मामांनी सांगितल्यासारखं चपटं टोक उजेडाकडं धरून बघितलं. हाय ती पट्टी. केसाएवढी पण जाड नाही, आणि त्याच्यातून इतकी वर्षं पारायणाचा उजेड गेला. वडिलांना हे दाखवायला पाहिजे होतं, त्यांना फार आवडलं असतं. टाकायला मन होत नाही, नळी न फोडता ठेवली तर घरात धोका हाय काय?

काचकाम मामा

बंद नळीत पारा बंदच आहे, वीज लावली नाही तर किरण नाहीत. टोपीला दोन तारांचा संपर्क आहे तो टेपनं झाकून टाका म्हणजे नंतर कोणी होल्डरला लावणार नाही. फुटलेल्या गळ्याच्या धारेवर जाड कापड गुंडाळा, कापसात घालून डब्यात ठेवा आणि डब्यावर ‘पारा आहे, पेटवू नये’ असं लिहा. पुढं कधी ठेवायचा नसेल तर कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्याकडं अखंड द्या.

आणि तुमच्याकडचा तो दुसरा गेलेला लॅम्प, चांगल्या फुग्याचा, तो चिकोडीच्या टीचरना द्या. टीचर, न फोडता फडक्यात धरून गळा मुलांना दाखवा आणि विचारा जोड कुठं आहे.

चिकोडी टीचर

नक्की. माझा भाऊ दर शनिवारी बेळगावला येतो, जांबोटीकर दादा, त्याच्याकडं दिलात तरी चालेल. पण पावडर लावलेल्या फुग्यातून आतलं दिसणार नाही ना मामा?

काचकाम मामा

गळ्यापाशी, टोपीच्या वर दोन बोटं, बहुतेक पावडर नसते. तिथून दट्टा आणि तारा दिसतील. टॉर्च बाजूनं मारा.